डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी सोडू नये

रोबोच्या सिम्युलेटरला स्वतःचे घड्याळ असते. ते भिंतीवरच्या घड्याळाबरोबर चाललेच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नसते आणि बहुधा ते तसे चालतही नाही. सिम्युलेटर काळाचे तुकडे पाडतो. एका तुकड्यात चाक किती फिरले, सांधा किती वळला, कोण कोणावर आपटले याचा हिशेब पुरा करतो आणि मगच पुढचा तुकडा हाती घेतो. या तुकड्याला स्टेप म्हणतात. कॉपेलियासिम या सिम्युलेटरमध्ये (२०१९ पर्यंत त्याचे नाव व्ही-रेप होते) स्टेप मुळात ५० मिलिसेकंदांची असते आणि तिच्या पोटात भौतिकीचे इंजिन ५-५ मिलिसेकंदांच्या दहा उड्या मारते. वेबॉट्समध्ये ती ३२ मिलिसेकंदांची, गझीबोत १ मिलिसेकंदाची. ही सगळी मापे सिम्युलेटरच्या जगातली. त्या जगातले ५० मिलिसेकंद मोजून काढायला या जगातले ५ लागतील की ५००, हे संगणकाच्या वयावर, ग्राफिक्स कार्डावर आणि मागे ब्राउझरचे किती टॅब उघडे आहेत यावर ठरते.

रोबोचा मेंदू, म्हणजे कंट्रोलर, पुष्कळदा सिम्युलेटरच्या बाहेर असतो. तो वेगळा प्रोग्रॅम असतो, बहुधा पायथनमध्ये किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, आणि सॉकेटवरून सिम्युलेटरशी बोलतो: कोन किती झाला, वेग किती आहे, बरे, मग डाव्या मोटरला एवढा जोर दे. या प्रोग्रॅमलाही वेळ कळते, पण ती ऑपरेटिंग सिस्टिमला विचारून घेतलेली, म्हणजे भिंतीवरची. अशा रीतीने एका टेबलावर दोन वेळा नांदू लागतात. तिसरीही एक असते, कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यातली. लूपची एक फेरी झाली म्हणजे ५० मिलिसेकंद गेले, असे तिच्यात धरून चाललेले असते. या तिसऱ्या वेळेच्या आधारे सलग चौदा वर्षे अध्यापन केलेल्या तज्ज्ञांत प्रस्तुत लेखकाचा समावेश होतो.

विषय समजायला उलटा लंबक सोयीचा. गाडीवर बिजागरीने उभी केलेली दांडी, गाडी पुढेमागे हलवून, पडू द्यायची नाही, असा हा प्रयोग. लांब दांड्याचा झाडू तळहातावर तोलून आईच्या शिव्या खाल्लेल्या कोणत्याही मुलाने तो केलेला असतो. झाडू तोलता येतो आणि पेन्सिल तोलता येत नाही, यामागे शुद्ध गणित आहे. सव्वा मीटरची दांडी मोकळी सोडली तर तिचा झुकाव साधारण दर ०.३ सेकंदाला पावणेतीन पट होतो. १८ सेंटिमीटरच्या पेन्सिलीचा दर ०.११ सेकंदाला. डोळा, मेंदू आणि हात यांचा मिळून जो उशीर होतो तेवढ्यात झाडू नुसता कलतो, पेन्सिल पडून मोकळी होते. तोलणाऱ्याचे घड्याळ आणि पडणाऱ्याचे घड्याळ यांत थोडा फरक चालतो, पण तो या ०.३ सेकंदाच्या बराच आत राहावा लागतो.

दोन घड्याळे जुळवण्याची पहिली पद्धत ती न जुळवण्याची आहे. सिम्युलेटर आपल्या गतीने मोकळा धावू द्यायचा आणि कंट्रोलरच्या प्रत्येक फेरीच्या शेवटी स्लीपची एक ओळ टाकायची: झोप, ५० मिलिसेकंद. तेवढ्यात पलीकडे एक स्टेप उरकेल असा अंदाज. ही पद्धत फार लोकप्रिय आहे, कारण ती पहिल्या दिवशी चालते. प्रस्तुत लेखक दर बॅचला जी नमुना फाईल देत असे तिच्यात ही ओळ ४१ व्या क्रमांकावर होती. फाईलच्या माथ्यावर, ताऱ्यांच्या चौकटीत, लेखकाचे नाव, पदव्या, हुद्दा आणि 'परवानगीशिवाय बदल करू नये' ही सूचना असा अकरा ओळींचा मजकूर होता. खालचा कोड त्याच्या जेमतेम तिप्पट.

फाईल चालत होती हे मात्र खरे, आणि ती का चालत होती हे पाहण्यासारखे आहे. लेखकाचा लॅपटॉप जुना, त्यात दांडीची सावलीसुद्धा पडद्यावर दिसलीच पाहिजे हा लेखकाचा हट्ट. त्यामुळे एक स्टेप काढायला त्याला सुमारे ६० मिलिसेकंद लागत. दुसरीकडे विंडोजचा टायमर मुळात दर १५.६ मिलिसेकंदांनी टोला देतो आणि झोप त्या टोल्यांच्या हिशेबाने मोजली जाते, म्हणून जुन्या पायथनमध्ये ५० मागितले तरी हाती बहुधा ६२ पडत. एकीकडे ६०, दुसरीकडे ६२. दोन चुका एकमेकींचा हात धरून झकास चालल्या होत्या आणि त्यांच्या मागून चालणारा लेखक वर्गाला सांगत होता की टायमिंग पुस्तकात सापडत नाही, ते अनुभवाने येते.

चौदाव्या बॅचमधल्या एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारले, "सर, हा स्लीप अंदाजाने का द्यायचा? स्टेप झाली का, हे सिम्युलेटरलाच नाही का विचारता येणार?" अशा प्रश्नाला या क्षेत्रात एक ठरलेले उत्तर आहे, ते तिला मिळाले: "चालतंय ना? मग हात लावू नकोस."

त्या वर्षी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा नव्या लॅबमध्ये झाली. यंत्रे त्याच महिन्यात आलेली, त्यांवर उबुंटू टाकलेले, मॉनिटरवरचा प्लॅस्टिकचा कागद अजून काढायचा होता. तेथे एक स्टेप ८ मिलिसेकंदांत उरकत होती. कंट्रोलर ५० मिलिसेकंदांची झोप काढून उठे तोवर सिम्युलेटरच्या जगात सहा स्टेपा, म्हणजे ३०० मिलिसेकंद, उलटून गेलेले असत. वर दिलेला ०.३ सेकंदाचा आकडा येथे पुन्हा पाहावा. त्या विद्यार्थिनीची दांडी उजवीकडे कलली. गाडी उशिरा धावली, मग घाबरल्यासारखी उलट धावली, दांडी आडवी झाली आणि गाडी तिला ओढत जमिनीच्या कडेवरून खाली गेली. कॉपेलियासिममधली जमीन मुळात काही मीटरच असते आणि तिच्याखाली काहीही नसते. त्यामुळे कडेवरून पडलेली वस्तू आपटत नाही; ती पडतच राहते आणि तिच्या उंचीचा उणे आकडा पडद्यावर वाढत जातो.

विद्यार्थिनी म्हणाली, "सर, माझ्या लॅपटॉपवर चालतं हो." हे वाक्य परीक्षकाला दिवसभरात इतक्यांदा ऐकावे लागते की ते एखादे वेळी खरेही असेल हे त्याच्या ध्यानात राहत नाही. शेजारी बसलेल्या मार्गदर्शकाने, म्हणजे प्रस्तुत लेखकाने, गंभीरपणे मान हलवून "हार्डवेअर इश्यू" असे दोन शब्द उच्चारले. ५० पैकी २९ गुण पडले. कोड कोणी उघडला नाही. वर्षभराचे काम तीन मिनिटांत, अनोळखी यंत्रावर, पडले की उभे राहिले एवढ्यावरच जोखायचे असेल तर त्याला परीक्षा म्हणावे की मटका, हा प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या कक्षेत येत नाही. तरी तो येथे राहू द्यावा. कोड उघडला असता तर ४१ वी ओळ दिसली असती, आणि ती ओळ त्या मुलीची नव्हती. लेखकाला हे त्या क्षणी ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर तो बोलला असता की नाही, याविषयी खात्रीलायक पुरावा उपलब्ध नाही.

एकाच गावात दोन घड्याळे नांदली तर काय होते याचे उत्तम उदाहरण म्हणजे मुंबई टाइम. हा विषय लेखकाच्या विशेष आवडीचा असल्यामुळे त्याचा थोडा विस्तार आवश्यक आहे. (आवश्यक नाही, असे चौदा बॅचचे मत आहे.) सूर्य मुंबईच्या माथ्यावर आला की मुंबईत बारा वाजत, ही वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. रेल्वे मात्र मद्रास टाइमवर चाले आणि तो आणखी ३० मिनिटे पुढे. घरच्या घड्याळात साडेपाच वाजले की रेल्वेच्या घड्याळात सहा झालेले असत, आणि सहाची गाडी घरचे घड्याळ विचारायला थांबत नसे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रास टाइम लावला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे. मुंबईकरांना ते मुळीच रुचले नाही. दुपारचे बारा कधी वाजले हे मुंबईच्या सूर्याऐवजी मद्रासच्या सूर्याला विचारायचे, ही कल्पनाच स्वाभिमानी माणसाला न पटणारी होती. मद्रासच्या सूर्याबद्दल कोणाचा आकस नव्हता. तो आपल्या गावी काय वाजवायचे ते वाजवू दे, एवढेच.

पुढे १ जानेवारी १९०६ रोजी ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची भारतीय प्रमाण वेळ आली. तिच्यासाठी मुंबईला घड्याळे ३९ मिनिटे पुढे सरकवायची होती. तिकडे कलकत्त्याने आपली वेळ धरून ठेवली. इकडे त्याच जानेवारीत मुंबईतल्या एका गिरणीत कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले. कारण समजण्यासारखे होते. भोंगा ३९ मिनिटे आधी वाजवता येतो, उजाडणे आधी आणता येत नाही; अंधारात उठायचे ते त्यांनी. महापालिकेने आपल्या घड्याळांपुरता मुंबई टाइम पुन्हा लावला आणि स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षे टिकवला. या सगळ्या काळात सभेची किंवा लग्नाची वेळ सांगताना ती कोणती वेळ हेही सांगावे लागे. न सांगणाऱ्याच्या लग्नात निम्मे वऱ्हाडी मंगलाष्टकांना, निम्मे थेट मठ्ठ्याला पोचत असावेत, असा लेखकाचा तर्क आहे. त्याला आधार नाही, पण वर्गात त्यावर दर वर्षी हशा पिकत असे, म्हणून तो तर्क कायम ठेवला आहे.

या इतिहासाचा प्रस्तुत विषयाशी संबंध असा. ३९ मिनिटांचा फरक ही अडचण नव्हती. ३९ वजा करायला कोणालाही येते. सिम्युलेटर आणि कंट्रोलर यांच्यातला फरक मात्र एका जागी ठरत नाही. लॅपटॉप तापला की वाढतो, पंखा घरघरू लागला की कमी होतो, अँटिव्हायरसला जाग आली की पुन्हा वाढतो. मुंबई टाइम निदान शब्दाला जागणारा होता. स्लीपचा आकडा ५० चा ४५ करून, ४५ चा ५५ करून हा फरक भरून काढणे म्हणजे रोज सकाळी महापालिकेच्या घड्याळाला विचारून रेल्वेचे वेळापत्रक छापण्यासारखे आहे.

हे सर्व लेखक दर वर्षी पहिल्या तासाला, फळ्यावर रेखावृत्ते काढून, समजावत असे. तास ५० मिनिटांचा. रेखावृत्तांना ३५ लागत, उरलेल्या पंधरा मिनिटांत हजेरी. परिणामी 'सिंक्रोनस मोड' हा भाग चौदाही वर्षे 'स्वतः वाचून घ्या' या सदरात गेला. त्या विद्यार्थिनीच्या वहीत मुंबई टाइमची टिपणे पुरी तीन पाने होती, सनावळीसह.

परीक्षेच्या रात्री लेखकाने, कोणालाही न सांगता, 'स्वतः वाचून घ्या' हा भाग स्वतः वाचला.

सिंक्रोनस मोडचे तत्त्व एसटीने प्रवास केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हर 'एवढ्या वेळात चढले असतील' असा अंदाज बांधून गाडी सोडत नाही. आजीबाई गाठोडे, नातू आणि कोंबडीची टोपली यांसह पायरी चढत असतात तोवर इंजिन धडधडत राहते, गाडी जागची हलत नाही. मागून डबल बेल आली की निघते. सिंक्रोनस मोडमध्ये सिम्युलेटर हा ड्रायव्हर आणि कंट्रोलर हा कंडक्टर. सिम्युलेटर एक स्टेप करतो आणि उभा राहतो. कंट्रोलर कोन वाचतो, गणित करतो, मोटरला जोर सांगतो आणि मग घंटी देतो, जिला ट्रिगर म्हणतात. सिम्युलेटर पुढची एक स्टेप करतो, पुन्हा उभा. स्लीप नाही, अंदाज नाही. गणिताला ३ मिलिसेकंद लागोत की ३ मिनिटे, एका स्टेपेला एकच निर्णय मिळतो, आणि जुन्या लॅपटॉपवर व नव्या लॅबमध्ये दांडी सारखीच वागते.

याचा एक उपलाभ सांगण्यासारखा आहे. कंट्रोलरच्या कोडमध्ये मध्येच ब्रेकपॉइंट टाकून तो थांबवला तर सिम्युलेटरही थांबतो, कारण घंटी आलेली नसते. दांडी सात अंश कललेली, चाक अर्धे वळलेले, सावली तिरपी, आणि सगळे जग तसेच्या तसे. माणसाने उठून चहा टाकावा, तो प्यावा, कप विसळून पालथा घालावा, परत येऊन पाहावे तर दांडी सात अंशांवरच. पहिल्या पद्धतीत ब्रेकपॉइंट टाकला तर फक्त कंट्रोलर थांबतो आणि चहाला आधण येण्यापूर्वी गाडी जमिनीखाली पोचलेली असते.

सिंक्रोनस मोडमध्ये दोन चुका ठरलेल्या आहेत. लेखकाने दोन्ही, आणि याच क्रमाने, केल्या.

पहिली चूक परस्पर प्रतीक्षेची. लेखकाच्या नव्या कोडचा क्रम असा होता: सिम्युलेटरची वेळ पुढे सरकली का पाहा, सरकली की कोन वाच, जोर ठरव, ट्रिगर दे. कागदावर हे निर्दोष दिसते. प्रत्यक्षात सिम्युलेटर पहिल्या ट्रिगरची वाट पाहत उभा, आणि कंट्रोलर वेळ सरकण्याची वाट पाहत उभा. पंगतीत दोन पाहुणे एकमेकांना "आधी तुम्ही बसा" म्हणत ताटकळावेत आणि वरणभात निवून जावा, तसा हा प्रकार. यात लाल अक्षरांत चूक दाखवणारा संदेश येत नाही. काहीच येत नाही. रात्री पावणेबारा वाजता लेखकाला पडद्यावर दिसले ते एवढेच, की दांडी सरळ उभी आहे. डुगडुग नाही, थरथर नाही, केसाएवढाही कल नाही. इतके स्थिर नियंत्रण त्याने आयुष्यात पाहिले नव्हते. त्याने गेनचे, म्हणजे किती कलाला किती जोर द्यायचा ते ठरवणारे, तिन्ही आकडे वहीत उतरवून त्याभोवती चौकट केली, तारीख घातली, पडद्याचा फोटो काढला आणि झोपलेल्या पत्नीला उठवून आणले. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. "छान आहे हो," ती म्हणाली, "पण तिथे वर शून्य पॉइंट शून्य शून्य लिहिलंय, ते काय असतं?"

ती सिम्युलेशनची वेळ होती. गेली चाळीस मिनिटे ती तेवढीच होती.

यावर उपाय सोपा आहे: पहिली घंटी कोणी द्यायची हे आधी ठरवावे, आणि ती कंट्रोलरनेच द्यावी. कंट्रोलर एकाहून अधिक असतील तर सर्वांचे झाल्याशिवाय घंटी वाजू नये, आणि त्यांतला एखादा मध्येच बंद पडला तर किती वेळ वाट पाहायची याचीही मर्यादा घालावी. नाहीतर एका प्रवाशापायी गाडी डेपोत रात्र काढते.

दुसरी चूक पावतीची. कॉपेलियासिमच्या जुन्या रिमोट एपीआयमध्ये ट्रिगर हा फक्त निरोप आहे. तो पाठवला की फंक्शन लगेच परत येते. स्टेप झाली असा त्याचा अर्थ नाही, चल म्हणून सांगितले एवढाच. त्याच क्षणी कोन वाचला तर आधीच्या स्टेपेचा, शिळा कोन मिळू शकतो. डबल बेल दिल्याबरोबर पुढचा थांबा आला असे समजून दार उघडणारा कंडक्टर आणि हा कोड यांत फरक नाही. म्हणून ट्रिगरनंतर पिंगची वेळ विचारणारे फंक्शन बोलवायचे असते. पिंगला किती वेळ लागला यात कोणाला रस नसतो. पण त्याचे उत्तर स्टेप उरकल्यावरच येते, म्हणून ते पोच म्हणून वापरायचे. नव्या झेडएमक्यू एपीआयमध्ये ही कसरत उरली नाही: आधी स्टेपिंग चालू करायचे, मग प्रत्येक फेरीत स्टेप बोलवायची, आणि ती स्टेप पुरी करूनच परत येते. लेखकाने पिंगची ओळ 'अनावश्यक' म्हणून गाळली होती. ५० मिलिसेकंदांच्या शिळेपणाने सव्वा मीटरची दांडी पडत नाही, फक्त लग्नाच्या वरातीतून परतल्यासारखी झुलते. तेव्हा लेखकाने झुलणे थांबवण्यासाठी गेनच्या आकड्यांची आळवणी केली. ती अकरा दिवस चालली.

इतर सिम्युलेटरांत हीच गोष्ट वेगळ्या नावाने आहे. वेबॉट्सचा जन्म १९९६ मध्ये लोझानच्या ईपीएफएल या संस्थेत झाला आणि २०१८ पासून तो सर्वांना खुला आहे. त्यात कंट्रोलरच्या लूपमध्ये स्टेपचे फंक्शन लिहावेच लागते आणि मुळात सिम्युलेटर प्रत्येक कंट्रोलरसाठी थांबतोच. तो थांबू नये असे वाटत असेल तर रोबोच्या गुणधर्मांत तसे मुद्दाम सांगावे लागते. कंट्रोलरची स्टेप मूळ स्टेपेच्या पटीत असावी लागते, म्हणजे ३२ ला ६४ चालेल, ४० नाही. गझीबो २००२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात सुरू झाला. तो बहुधा रॉस या रोबोंसाठीच्या सॉफ्टवेअरबरोबर वापरला जातो, आणि तेथे सिम्युलेटरची वेळ 'क्लॉक' नावाच्या टॉपिकवरून दवंडी पिटल्यासारखी सर्व नोडना, म्हणजे रॉसमधल्या सुट्या प्रोग्रॅमना, कळवली जाते. ती ऐकायची की नाही हे 'यूज-सिम-टाइम' या पॅरामीटरवर ठरते. एखाद्या नोडमध्ये तो लावायचा राहिला, तर तो नोड भिंतीवरची वेळ धरून बसतो, जी १९७० पासून मोजलेली असते आणि आता १७० कोटी सेकंदांच्या पुढे गेली आहे. सिम्युलेटरमध्ये सुरू होऊन १२ सेकंद झालेले असतात. लायडार या अंतर मोजणाऱ्या सेन्सरने आत्ता दिलेली ताजी बातमी या नोडला अर्ध्या शतकाहून जुनी वाटते आणि तो ती रद्दीत टाकतो. रोबो भिंतीवर आदळतो, आणि लॉगमध्ये सगळे जण आपापल्या परीने वेळेवर असतात.

खऱ्या रोबोला घंटी नसते. ही या विषयातली शेवटची आणि अडचणीची बाब. सिंक्रोनस मोडमध्ये कंट्रोलरला हवा तेवढा वेळ मिळतो, पण गुरुत्वाकर्षण कोणाच्या ट्रिगरसाठी थांबत नाही. ७० मिलिसेकंद विचार करणारा कंट्रोलर सिम्युलेटरमध्ये हुशार ठरतो आणि टेबलावरच्या खऱ्या गाडीत दांडी पाडतो. म्हणून घड्याळे आधी नीट जुळवून घ्यावीत आणि मग त्यांत उशीर मोजून, स्वतःच्या हाताने परत घालावा: आदेश एक स्टेप उशिरा लागू करावा, कधी दोन, सेन्सरचे वाचन मधूनच गाळावे. स्लीपनेही उशीरच होत होता, मग फरक काय, असे येथे कोणी विचारील. मिठाचा खडा आमटीत पडणे आणि आमटीत मीठ घालणे यांत जो फरक आहे तो.

नमुना फाईलची सद्यस्थिती पुढीलप्रमाणे आहे. परीक्षेनंतर सहा महिन्यांनी, नोकरीला लागल्यावर, त्या विद्यार्थिनीने एक दुरुस्त प्रत मेलने पाठवली. दरम्यान लेखकाने लेखी अर्ज केला होता की दोष ४१ व्या ओळीत होता आणि ती ओळ मार्गदर्शकाची होती. पुनर्मूल्यांकनाची मुदत संपल्याचे उत्तर दोन ओळींत आले. अर्जाबद्दल मुलीला त्याने कळवले नाही, कारण ते कळवायचे म्हणजे ४१ व्या ओळीबद्दलही कळवावे लागले असते. तिच्या प्रतीत पहिली घंटी कंट्रोलरची आहे, ट्रिगरनंतर पिंग आहे, आणि खऱ्या गाडीसाठी दोन स्टेपांपर्यंत उशीर घालायची सोयही आहे. गेनचे आकडे लेखकाच्या अकरा दिवसांच्या आकड्यांहून वेगळे आहेत. दांडी झुलत नाही. माथ्यावरची अकरा ओळींची चौकट तिने जशीच्या तशी ठेवली आहे, परवानगीच्या सूचनेसह. पंधराव्या बॅचपासून हीच फाईल दिली जाते. ४१ वी ओळही जागेवर आहे, फक्त तिच्यापुढे कॉमेंटची खूण आहे, त्यामुळे ती चालत नाही, नुसती दिसते. तिच्यासमोर विद्यार्थिनीने एक टीप घातली आहे: 'सरांनी दिलेला स्लीप. काढू नये, ऐतिहासिक आहे.'